पावसावर इरलं

कडावच्या मोतीबाईला दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक, चुलीवर भात रटरटत असताना सारखं झाकण काढून बघणारी सून. आणि दुसरी, न बघताच सांगणारा माणूस. सुना दोन होत्या, त्या चार वर्षांत सुधारल्या. न बघता सांगणारी माणसं गावात चार-दोन होती, त्यांना ती चावडीवर भर उन्हात उभं करून गप्प करी. पण अशा माणसांची एक अख्खी संस्था असू शकते, तिला बंगला असतो, बंगल्यावर पाटी असते, आणि पाटीवरचं नाव वाचता वाचता माणसाला दम लागतो, हे तिला वयाची पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मोतीबाईचं स्वतःचं काम काय, तर पाऊस मोजायचा. चावडीमागच्या मोकळ्या जागेत सरकारी पर्जन्यमापक होता. म्हणजे एक तांब्याचं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. बाटलीत साठलेलं पाणी रेघांच्या काचेच्या मापात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा, आणि आठवड्याची चिठ्ठी तलाठ्याकडे द्यायची. रोज सकाळी साडेआठला. मूळ काम तिच्या नवऱ्याचं, धोंडीचं. तो कोतवाल होता. त्याला लिहायचा कंटाळा आणि तिला आकड्यांचा सोस, म्हणून त्यानं अंगणातल्या मातीवर काडीनं रेघा ओढून तिला एक ते नऊ शिकवले होते. अक्षरांचं पुढे बघू म्हणाला, ते राहिलंच.

चोपन्न सालच्या श्रावणात धोंडी गेला. पहाटे गेला. घरात रडारड सुरू झाली, येसूबाई शेजारीण धावत आली, आणि मोतीबाई प्रेताच्या उशाशी दगडासारखी बसून राहिली. चावडीवरच्या घड्याळात आठ वाजून गेले तशी ती उठली, पदर खोचला आणि पावसात बाहेर पडली. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तिनं बाटली काढली, मापात ओतली, डोळ्यांच्या रेषेत धरली, वहीत चार इंच बावीस सेंट लिहिलं आणि परत येऊन नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवून हंबरडा फोडला. पंधरा वर्षं त्यानं एक दिवस चुकवला नव्हता, तो त्याच्या मरणानं चुकलेला तिला नको होता. पुढे तालुक्यातून कुणी दुसरा माणूस नेमला नाही आणि तिलाही नेमलं नाही. चिठ्ठी येते आहे ना, मग येऊ दे, असं चाललं. इंच आणि इंचाचे शंभर सेंट गेले, मिलिमीटर आले, तिनं नव्या काचेचं माप आठ दिवसांत डोळ्यांत बसवलं. कागदावर ती कुणीच नव्हती. वहीत मात्र पावसाळ्याचा एक दिवस कोरा नव्हता.

आणि मग बासष्ट सालच्या थंडीत ती संस्था आली.

कर्जतकडून येणाऱ्या रस्त्याला नदीकाठी कुणा पारशाचा बंगला होता, तो घेतला. पाटी लागली: पश्चिम घाट हवामान व पर्जन्य संशोधन प्रतिष्ठान. संस्थेला देणगी देणारे एक कारखानदार होते, त्यांचा कारखाना खोपोलीकडे, शिळफाट्याच्या अलीकडे. संचालक म्हणून एक डॉक्टरसाहेब होते. गोरेपान, सोनेरी काडीचा चष्मा, आणि आभाळाकडे बघतानासुद्धा आभाळावर उपकार केल्यासारखा चेहरा. संस्थेनं बंगल्याच्या आवारात नवाकोरा पर्जन्यमापक बसवला. आरशासारखं तांबं. त्याच्याभोवती पांढरं कुंपण, कुंपणाला छोटं फाटक, फाटकाला कुलूप. सरकारी मापक जुने आहेत, ते मोजणारी माणसं अडाणी आहेत, म्हणून शास्त्रशुद्ध मोजणी आम्ही करणार, असं डॉक्टरसाहेबांनी वर्तमानपत्रात छापून आणलं.

शास्त्रशुद्ध मोजणीसाठी माणूस ठेवला तो चांगो. चांगो म्हणजे मोतीबाईचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा पाच वर्षांचा, नाक वाहतं असलेला. तिनंच त्याचं नाक पुसलं, तिनंच त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, आणि पुढे त्याचं लग्नही तिनंच जमवलं. भला माणूस. सांगितलेलं काम मान मोडून करणार, न सांगितलेलं त्याला सुचणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या अंगावर खाकी कोट आला, पितळी बटणांचा. लोक त्याला चांगोशेठ म्हणायला लागले, आणि तो ते खरं मानायला लागला. मोतीबाई त्याच्यावर हसायची, पण त्याला दिसणार नाही असं.

डॉक्टरसाहेब मुंबईचे. वर्षातून दोनदा यायचे, डिसेंबरात आणि मेमध्ये. मेमध्ये मुक्काम माथेरानला हॉटेलात, तिथून उतरून एक चक्कर. पावसाळ्यात एकदाही नाही. रस्ते खराब असतात, गाडी अडकते, आणि सर्दीचा त्रास होतो म्हणे. पावसावर संशोधन करणाऱ्या माणसाला पावसात सर्दी होते, हे ऐकून मोतीबाई सुपातले तांदूळ खाली ठेवून हसली होती. चांगोला मात्र ते गैर वाटलं. साहेब नाजूक प्रकृतीचे आहेत, असं तो गंभीरपणे म्हणाला.

पाच पावसाळे गेले. मधल्या दोन वर्षांत देशभर दुष्काळाची ओरड झाली, आणि मुंबईच्या कचेऱ्यांतून पाऊस का कमी झाला असं जो तो जो भेटेल त्याला विचारायला लागला. कुणाला तरी उत्तर द्यायचंच होतं. अडुसष्ट सालच्या जानेवारीत संस्थेनं ते दिलं.

कर्जतच्या शाळेत सभा झाली. प्रांतसाहेब आले होते, कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतले पाटील-पुढारी होते. डॉक्टरसाहेबांनी भिंतीवर मोठा तक्ता लावला. त्यावर तांबडी रेघ वरच्या कोपऱ्यातून निघून खालच्या कोपऱ्याकडे घसरत गेलेली. त्रेसष्ट साली तीन हजार तीनशे मिलिमीटर, मग अठ्ठावीसशे सत्तर, मग चोवीसशे, मग दोन हजार दहा, आणि सदुसष्ट साली सतराशे साठ. कर्जतचा पाऊस पाच वर्षांत निम्म्यावर आला आहे, असं त्यांनी सांगितलं. आणि कारण? कारण राब.

राब म्हणजे या भागाचं पोट. माघ-फाल्गुनात भाताच्या रोपांसाठी राखलेल्या जागेवर शेण पसरायचं, त्यावर झाडांचा टहाळ, त्यावर गवत-पातेरा, वरून माती, आणि ते सगळं भाजायचं. भाजल्या जागेत तण उगवत नाही, रोप काळंभोर येतं, लावणीला उपटताना मुळासकट अलगद हातात येतं. आजे-पणजे तसंच करत आले. डॉक्टरसाहेबांचं म्हणणं असं की, फाल्गुनात गावोगाव होणाऱ्या या धुरानं हवा तापते, आणि आषाढातले ढग उलट्या पावली फिरतात. टहाळ तोडायला आणि राब भाजायला बंदी घाला, नाहीतर वीस वर्षांत कर्जत-खालापूरचं माळरान होईल.

लोक तक्त्याकडे बघत राहिले. एवढा मोठा तक्ता, एवढी तांबडी रेघ. बायकांच्या बाजूनं मोतीबाई उठली. काखेत वही. तिनं विचारलं, खोपोलीकडच्या कारखान्याचं धुराडं बारा महिने ओकतं, त्या धुरानं ढग पळत नाहीत का? की ढगांना फक्त गरिबाचाच धूर लागतो? सभेत खसखस पिकली. देणगीदार कारखानदार पहिल्या रांगेत होते, त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग तिनं वही उघडून आपले आकडे सांगितले. मधली दोन वर्षं जरा हलकी, बाकी सगळी साडेतीन हजाराच्या वर. सदुसष्ट साली तर अडतीसशे.

डॉक्टरसाहेब हसले. शाळेतल्या पोरीचा पाढा चुकल्यावर मास्तर हसतात तसे. बाईंचं शिक्षण किती, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, काय नाय. नेमणुकीचा कागद आहे का? तोही नव्हता. मग त्यांनी प्रांतसाहेबांकडे वळून हात पसरले, की आता तुम्हीच बघा.

मोतीबाई खाली बसली नाही.

"आमचा झाला. आता तुमचा सांगा," ती म्हणाली. "तुमी कशाचे डॉक्टर?"

डॉक्टरसाहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पण प्रश्न प्रांतसाहेबांनाही पडलेला दिसला, कारण त्यांनी मान वळवून उत्तराची वाट बघितली. तेव्हा डॉक्टरसाहेबांनी घसा साफ करून सांगितलं की, त्यांचा मूळ विषय रसायनशास्त्र. नेमका कोणता? तर सुताला रंग पक्का कसा बसतो, हा. परदेशात जाऊन त्यावर चार वर्षं अभ्यास केला. संस्थेत दुसरे संशोधक कोण? एक निवृत्त इंजिनियर होते पुलांचे, आणि एक देणगीदारांचे मेहुणे होते, ते पत्रव्यवहार बघत.

"म्हंजे लुगड्याला रंग देनारा आमाला पाऊस शिकवनार," मोतीबाई म्हणाली, आणि मग बसली.

लोक पोट धरून हसले. पण हसण्यानं हुकूम थांबत नसतो. प्रांतसाहेबांपुढे एका बाजूला छापील अहवाल होता, चकचकीत कागदाचा, आणि दुसऱ्या बाजूला तेलकट बोटांचे डाग पडलेली वही. त्याच वहीतले आकडे दर आठवड्याला चिठ्ठ्यांवरून त्यांच्या हाताखालच्या कचेरीत जात होते, पण तिथे ते गठ्ठ्यात बांधलेले होते, आणि गठ्ठे सोडून बघायची पद्धत नव्हती. आठ दिवसांत दवंडी पिटली. या साली राब बंद.

घरी आल्यावर मोतीबाईनं चांगोला बोलावून समोर बसवलं. खरं सांग, रोज मोजतोस का? चांगोला वाईट वाटलं. त्यानं गळ्यातल्या माळेला हात लावून सांगितलं की, पाच वर्षांत एक दिवस चुकला नाही, साडेआठ म्हणजे साडेआठ. आकडे पदरचे घालतोस का? छे. बाटलीत असतं तेवढंच लिहितो. तो खोटं बोलत नाही हे तिला माहीत होतं, त्याला ते जमतच नसे. म्हणजे त्याची बाटली खरी आणि तिचीही बाटली खरी, आणि मधे दोन कोसांचं अंतर. दोन कोसांत निम्मा पाऊस जातो कुठे? तिला उत्तर सापडेना. पण न बघता सांगणाऱ्यांतली ती नव्हती. पाऊस सुरू होईपर्यंत ती गप्प बसली.

तो उन्हाळा गावानं कसा काढला ते गावालाच माहीत. फाल्गुनात डोंगराच्या पायथ्यानं एक धूर दिसेना. गावातल्या गजानं एका वाफ्यावर गुपचूप पेटवलं, तर जंगलखात्याचा गार्ड येऊन त्यानं त्याच्याच बायकोच्या हंड्यानं ते विझवलं. न भाजलेल्या जमिनीत बी पडलं, आणि मृगात भाताच्या आधी तण वर आलं. येसूबाई आणि सगळ्या बायका दिवसच्या दिवस उकिडव्या बसून तणातून रोप निवडत होत्या. रोप पिवळं, काविळीच्या माणसासारखं. उपटायला गेलं की मधेच तुटायचं. येसूबाई म्हणाली की, एक साल कसंतरी निघेल, दोन साल निघणार नाहीत. ते सगळ्यांनाच दिसत होतं. पुढच्या माघातही राब भाजू दिला नाही, तर खायचं काय, एवढा एकच प्रश्न गावापुढे होता.

आषाढात पाऊस कोसळायला लागला. एके दिवशी सकाळी, आपलं साडेआठचं माप घेऊन झाल्यावर, मोतीबाई डोक्यावर पानांचं इरलं घेऊन दोन कोस चालत संस्थेच्या बंगल्यावर गेली. पावसाची अशी सर लागली होती की समोरचा माणूस दिसू नये. फाटकातून आत शिरली आणि जागीच थांबली.

पांढऱ्या कुंपणाच्या आत, त्या नव्या तांब्याच्या पर्जन्यमापकावर, एक चांगलं जाड, नवं विणलेलं इरलं घातलेलं होतं. पळसाच्या पानांचं, दोरीनं खाली आवळून बांधलेलं. त्यावरून पाण्याचे लोट वाहून बाजूच्या गवतात जात होते, आणि आत पर्जन्यमापक बाळंतिणीसारखा कोरडा बसला होता.

चांगो पडवीतून धावत आला. वहिनी आल्याचा त्याला आनंद झाला होता. त्यानं मोठ्या अभिमानानं सगळं दाखवलं. पहिल्या वर्षी त्याला कळलं नव्हतं, म्हणून तो एखाद्या फार मोठ्या सरीलाच झाकायचा. डिसेंबरात साहेब आले, तांब्यावर हिरवट डाग बघितले आणि भडकले. केवढ्याची वस्तू आहे कळतं का, हिची नीट निगा राखता येत नाही का? मग दुसऱ्या वर्षी त्यानं जास्त झाकलं. तरी डाग आलेच, साहेब पुन्हा ओरडले. तिसऱ्या वर्षी आणखी. आता सर जरा हलकी असली की काढतो, भुरभुर असली की काढतो, नाहीतर बांधलेलंच. गेल्या डिसेंबरात साहेबांनी बोटानं तांबं पुसून बघितलं आणि पहिल्यांदा शाबास म्हणाले.

त्यात त्याचं चुकलं काय? या मुलखात आषाढ लागायच्या आत जे किमतीचं आहे ते झाकायचं असतं. भिंतींना झडी बांधतात, तुळशीच्या मातीच्या वृंदावनावर झाप घालतात, सरपणावर, पेंढ्यावर, शेणीवर, सगळ्यावर काही ना काही येतं. उघडं राहतं ते एक शेत आणि दुसरं गुरांची शिंगं. साहेबांची सगळ्यात महागडी वस्तू उघड्यावर भिजत ठेवील, असा चांगो नालायक नव्हता. पाच वर्षं तो दर उन्हाळ्यात स्वतःच्या हातानं नवं इरलं विणत होता. आणि तिकडे मुंबईला पंख्याखाली बसून, त्या इरल्यातून गळलेल्या थेंबांची तांबडी रेघ काढून, शिकलेली माणसं ढगांना शिव्या देत होती. एकालाही पाच वर्षांत छत्री घेऊन इथवर यावंसं वाटलं नव्हतं.

मोतीबाईला हसू फुटलं. ती पडवीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. चांगोही जरा हसला, का ते न कळून. मग तिला त्या पिवळ्या रोपांची आठवण झाली आणि हसू थांबलं. तिनं उठून दोरी सोडली, इरलं काढलं आणि आपल्या इरल्यावर ठेवलं.

"चांगो, आता हे घालायचा नाय," ती म्हणाली. "साहेब ओरडला तरी नाय. कलला?"

चांगोनं मान हलवली. का, असं त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. आणि इथेच मोतीबाई चुकली. सरळ तालुक्याला जाऊन सांगायचं, तर ती दिराच्या तोंडाकडे बघत बसली. तो खाकी कोट, ती पितळी बटणं, ते चांगोशेठ. हे बाहेर पडलं तर दोन तालुक्यांतली पोरंटोरं त्याला जन्मभर इरलं म्हणून हाक मारतील, हे तिला दिसत होतं. तिचा हिशेब साधा होता. इरलं निघालं की आकडा आपोआप खरा येईल, खरा आकडा आला की पाऊस कमी झाला नाही हे साहेबांना कळेल, बंदी उठेल आणि चांगोची अब्रू झाकलेली राहील. समोरच्याला अक्कल आहे, एवढं त्या हिशेबात धरलं होतं, तेवढंच चुकलं.

आकडा खरा आला. आषाढापासून पुढचा सगळा पाऊस बाटलीत पडला, आणि अडुसष्ट सालची संस्थेची बेरीज झाली तीन हजार पाचशे चाळीस. आणि एकोणसत्तरच्या जानेवारीत मुंबईहून बातमी आली की प्रयोग यशस्वी झाला. राब एक वर्ष बंद ठेवला आणि पाऊस दुप्पट झाला. जगात कुठे झालं नाही ते कर्जतला झालं. आता बंदी कायमची करायची, खालापूरलाही लावायची, आणि त्याआधी शाळेत सत्काराचा समारंभ ठेवायचा. सत्कार कुणाचा? देणगीदारांचा, डॉक्टरसाहेबांचा, आणि सहा वर्षं एकही दिवस न चुकता मोजणी करणारे आदर्श निरीक्षक म्हणून श्री. चांगो यांचा.

मोतीबाईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. ढेकणाला जास्त बुद्धी असते, असं ती येसूबाईला म्हणाली. समारंभाच्या दिवशी सकाळी तिनं घरी आणून पडवीत टांगलेलं चांगोचं ते इरलं खाली काढलं, झटकलं आणि काखेत मारून कर्जतची वाट धरली. भर जानेवारीत, कोरड्या उन्हात, इरलं घेऊन चाललेल्या बाईकडे रस्त्यावरचे लोक वळून वळून बघत होते.

शाळेचा तोच हॉल, तीच माणसं, तोच तक्ता. फरक एवढाच की तांबडी रेघ आता शेवटी एकदम वर उसळली होती. व्यासपीठावर मधोमध, फुलांच्या हारात, पर्जन्यमापक मांडला होता, बंगल्यावरून उचलून आणलेला. डॉक्टरसाहेब पाऊण तास बोलले. परदेशातल्या संस्था आपल्या अहवालाची वाट बघत आहेत, म्हणाले. मग चांगोला वर बोलावलं. केसांना तेल, कोटाला इस्त्री. प्रांतसाहेबांच्या हातून त्याच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, टाळ्या झाल्या.

मोतीबाई बायकांच्या पहिल्या रांगेत होती. इरलं मांडीवर. उठायचं, इरलं वर धरायचं, आणि याच्याखाली तुमचा पाऊस अडकला होता असं म्हणायचं, एवढंच काम होतं. तोंडात शब्द तयार होते. पण चांगो समोर उभा होता, शाल पांघरून, पाच वर्षांच्या पोरासारखा, आणि तिचे पाय उठेनात. उद्या उपाशी बसणारी शंभर घरं एकीकडे आणि हे एक नाक एकीकडे, आणि तरीही उठेनात. तिला स्वतःचाच राग आला.

डॉक्टरसाहेबांनी चांगोला दोन शब्द बोलायला सांगितलं. चांगोनं सभेकडे बघितलं. मग त्याला वहिनी दिसली. वहिनीच्या मांडीवरचं इरलं दिसलं. तो बराच वेळ त्या इरल्याकडे बघत राहिला. सगळ्यांना वाटलं, गडी भाषणाला घाबरला.

त्यानं नारळ टेबलावर ठेवला. खांद्यावरची शाल काढली, झटकून सरळ केली, आणि पर्जन्यमापकावर हळूच, अगदी निगुतीनं पांघरली. दोन्ही टोकं खाली ओढून गाठ मारली. शेजारी पाण्याचा तांब्या होता, तो उचलला आणि शालीवर ओतला. पाणी शालीवरून वाहून टेबलावर, टेबलावरून डॉक्टरसाहेबांच्या कागदांवर गेलं. मग त्यानं गाठ सोडली, आतली बाटली काढून उलटी केली. दोन थेंब पडले.

"मी पाच वरसा असाच मोजला," चांगो म्हणाला. "यंदा वयनीनं इरला काढला. पावसाचा काय नाय, साहेब. पाऊस हाय तेवढाच हाय."

हॉलमध्ये आधी कुणाला कळलं नाही. मग मागून कुणीतरी फुस्स केलं, आणि मग छप्पर हादरेल असं हसू उठलं. प्रांतसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी डॉक्टरसाहेबांना विचारलं की, आपण पावसाळ्यात इथे कधी येऊन गेला होता का? डॉक्टरसाहेब ओले कागद टिपत होते. ते म्हणाले की, संशोधन मुंबईत चालतं, निरीक्षणात एखादी किरकोळ त्रुटी राहू शकते, त्यानं निष्कर्षाला बाधा येत नाही. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता, आणि असल्या माणसांबद्दल सगळ्यात किळस वाटण्यासारखी गोष्ट असेल तर हीच.

तालुक्याच्या कचेरीत गठ्ठे सोडले गेले. पंधरा दिवसांत बंदी उठली. संस्था बंद पडली म्हणाल, तर तसं काही झालं नाही. असल्या संस्था बंद पडत नाहीत. ती घाटावर दुसऱ्या जिल्ह्यात गेली, तिथे धुक्यावर संशोधन करते म्हणे. डॉक्टरसाहेबांना पुढे कसलंसं पदकही मिळालं. इथे नुसती पाटी उरली, तिला म्हशी अंग घासत.

चांगोचा कोट गेला. आणि जे व्हायचं ते झालंच. कडावपासून शिळफाट्यापर्यंत पोरं त्याला इरलं म्हणून हाक मारायची. तो मान खाली घालून जायचा. एकदा मोतीबाईनं त्याला विचारलं की, तुला त्या दिवशी सभेत कळलं का? तो म्हणाला, नाही, आषाढात तिनं दोरी सोडली त्याच रात्री कळलं. लाज वाटली, म्हणून गप्प बसलो. गावाचं रोप पिवळं पडलेलं रोज बघत होतो आणि गप्प बसलो. मोतीबाईला वाटत होतं, आपण त्याला झाकतो आहोत. तो सहा महिने आतून भिजत होता, हे तिनं बघितलंच नव्हतं. न बघता धरून चालणाऱ्यांत आपणही एकदा जमा झालो, हे तिला फार लागलं. ते ती मरेपर्यंत विसरली नाही.

फाल्गुनात राब पेटले. मृगाच्या आधी पेरणी झाली, रोप काळंभोर आलं. आषाढात एका सकाळी मोतीबाई साडेआठच्या ठोक्याला चावडीमागे गेली. बरोबर चांगोला घेतलं होतं. धोंडी गेल्यापासून ते काचेचं माप तिनं कुणाच्या हातात दिलं नव्हतं, सुनांच्या नाही, तलाठ्याच्या नाही. ते तिनं चांगोच्या हातात दिलं. त्यानं बाटली काढली, ओतली, आणि डोळ्यांसमोर धरून उभा राहिला. पाऊस धो धो कोसळत होता. त्याच्या कपाळावरून, नाकावरून, मिशांवरून पाणी ओघळत होतं. त्याचं स्वतःचं इरलं त्यानं लांब, चावडीच्या ओट्यावर ठेवलं होतं. पर्जन्यमापकाच्या आसपास इरलं आणायला तो भीत होता.

मोतीबाईनं जाऊन ते आणलं आणि त्याच्या डोक्यावर घातलं. लहानपणी घालायची तसं, मागून पुढे ओढून.

"हे मानसाला घालायचा असता रं, बाबा," ती म्हणाली. "सांग आता. किती?"

चांगोनं माप पुन्हा डोळ्यांच्या रेषेत धरलं, दोनदा बघितलं, आणि एकशे बारा म्हणाला. तिनं स्वतः वाकून बघितलं. एकशे बाराच होते. तिनं वहीत लिहिलं.